पत, पत्ता आणि पत्र

व्यापारी माणसाच्या संसारांत पत, पत्ता आणि पत्र या तीन गोष्टींचें महत्त्व फार जुनें आहे. पत म्हणजे त्याच्या शब्दाची बाजारांत असलेली किंमत. पत्ता म्हणजे गरजेच्या वेळीं तो सांपडण्याचें ठिकाण. आणि पत्र म्हणजे पतीला व पत्त्याला जोडून ठेवणारा दुवा. पेढीवर बसणाऱ्या सावकारापासून आठवडी बाजारांत पाल ठोकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यापर्यंत कोणासहि या तिहींपैकीं एकावांचून धंदा चालवितां आला नाहीं. साधनें मात्र बदललीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडलें, आणि माणसाचें नांव व त्याच्या यंत्राचें नांव यांमध्यें ‘ॲट’ हें चिन्ह बसविलें. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं आजच्या संकेतस्थळांची कल्पना मांडली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. तेव्हांपासून पत्ता व पत्र या दोन्ही गोष्टींस एक नवें रूप आलें. पत मात्र होती तशीच, मिळविण्यास अवघड आणि गमावण्यास सोपी राहिली.

हें नवें रूप मोठ्या शहरांतील मोठ्या पेढ्यांपुरतेंच उपयोगाचें आहे असा समज पुष्कळांचा असतो. तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं सालेकशासारखें दूरचें गांव घेणें बरें. गोंदिया जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व कडेला वसलेलें आहे. मुंबई-नागपूर-हावडा हा थोरला लोहमार्ग येथून जातो. पुढें दरेकशाचा डोंगराळ मुलूख लागतो आणि मग छत्तीसगडची हद्द येते. नागपूर ते राजनांदगांव ही रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत झाली. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें ती पुढें आपल्या ताब्यांत घेऊन रुंद केली. म्हणजे या मुलखाला जगाशीं जोडणारा रस्ता फार पूर्वींच मिळालेला आहे. भात हें येथील मुख्य पीक. रानांतून मोह, चारोळी, मध आणि लाख यांचें उत्पन्न निघतें. माल आगगाडीनें दूर जातो. परंतु माल पिकविणाऱ्याचें नांव त्याच्याबरोबर जातेंच असें नाहीं.

नांव आणि माल यांची ताटातूट झाली म्हणजे काय होतें याचें उदाहरण विदर्भांतच घडलेलें आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें एक खेडें आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ च्या सुमारास आपल्या भातांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या काढून, पुनःपुन्हां पेरून, बारीक दाण्याचें एक नवें वाण तयार केलें. त्या काळीं एच. एम. टी. हें मनगटी घड्याळ लोकांच्या आवडीचें होतें. तेंच नांव बाजारांत या तांदळास मिळालें. पुढें तो तांदूळ महाराष्ट्राबाहेरहि पसरला. आज कित्येक शहरी घरांत तो रोज शिजतो; परंतु खाणाऱ्यांपैकीं दादाजींचें नांव ठाऊक असलेले थोडे. उत्तरायुष्यांत त्यांस सन्मान मिळाले, तरी पैशाची ओढाताण सुटली नाहीं, आणि २०१८ सालीं ते वारले. त्यांच्या हयातीच्या आरंभीं इंटरनेट नव्हतें, आणि संकेतस्थळानें त्यांचे सर्व प्रश्न सुटले असते असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. तथापि मालावर आपलें नांव असणें आणि त्या नांवानें आपणास शोधतां येणें या गोष्टी लहान उत्पादकास किती मोलाच्या आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां समजा, सालेकसा तालुक्यांतील एखाद्या बचतगटानें चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ पांच-पांच किलोच्या पिशव्यांत भरून विकावयास घेतला. त्यांतील एक पिशवी लग्नकार्याच्या निमित्तानें पुण्यास गेली. भाताचा वास घरभर दरवळला, आणि गृहिणीनें आणखी दोन पिशव्या मागविण्याचें ठरविलें. पिशवी उलटीसुलटी करून पाहिली तों तिच्यावर एक पुसट झालेला भ्रमणध्वनि क्रमांक आढळला. त्यांतील शेवटचा आंकडा तीन कीं आठ तें कळेना. विक्री येथेंच संपली. तांदूळ उत्तम होता, भाव वाजवी होता, गिऱ्हाईकहि राजी होतें. एक पत्ता तेवढा नव्हता.

हा पत्ता मिळविण्याचें पहिलें पाऊल म्हणजे स्वतःचें डोमेन नांव घेणें. संकेतस्थळाच्या नांवास व्यवहारांत डोमेन म्हणतात. ‘इन’ या अक्षरांनीं संपणाऱ्या भारतीय नांवांची व्यवस्था ‘निक्सी’ ही संस्था पाहते. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘भारत’ हा देवनागरी शेवट असलेलीं नांवेंहि घेतां येऊं लागलीं. सर्व पत्रव्यवस्थांना देवनागरी पत्ते अजून सारखेच पचत नाहींत. यासाठीं मुख्य नांव रोमन लिपींतील घ्यावें आणि देवनागरी नांव जोडीस ठेवावें. नांव लहान असावें आणि दूरध्वनीवरून एकदां उच्चारलें असतां ऐकणाऱ्यास बिनचूक लिहितां यावें. खर्च म्हणाल तर साध्या नांवास वर्षाकांठीं हजार रुपयांच्या आंतबाहेर लागतो.

हें नांव कायमचें विकत मिळत नाहीं, मुदतीच्या पट्ट्यानें मिळतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मुदत एका वेळीं जास्तींत जास्त दहा वर्षांची घेतां येते. ती संपल्यावर बहुधा थोडे दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर दंड भरावा लागतो. आणि तोहि न भरल्यास नांव मोकळें होऊन दुसरा कोणीहि तें उचलूं शकतो. पांच वर्षें पिशव्यांवर छापलेलें नांव एके दिवशीं परक्याच्या हातीं जातें, आणि त्या पत्त्यावर येणारें गिऱ्हाईकहि त्याच्याच दारीं जातें. म्हणून मुदत एकदम तीन-चार वर्षांची घ्यावी, आणि तिचा शेवटचा दिवस दुकानांतील दिनदर्शिकेवर दिवाळीच्या खुणेइतक्या ठळकपणें लिहून ठेवावा.

याहूनहि महत्त्वाची बाब म्हणजे पट्टा कोणाच्या नांवें आहे ही. बहुतेक लहान दुकानदारांचें डोमेन गांवांतील संगणकवाल्यानें किंवा शहरांत शिकावयास गेलेल्या पुतण्यानें घेतलेलें असतें. काम आपलेपणानें झालेलें असतें, पैसेहि रास्त घेतलेले असतात. परंतु खातें त्याच्या नांवावर, पत्र त्याच्या पत्त्यावर आणि परवलीचा शब्द त्याच्या स्मरणांत. पुढें संगणकवाला गांव सोडतो, पुतण्या नोकरीनिमित्त परदेशीं जातो, आणि मुदत संपत आल्याचीं पत्रें कोणी न उघडलेल्या पेटींत पडून राहतात. यांत कोणाची लबाडी असावी लागत नाहीं. नुसता विसर पुरेसा आहे. मदत कोणाचीहि घ्यावी, परंतु खातें मालकाच्या नांवें, मालकाच्या भ्रमणध्वनीवर व मालकाच्या ई-पत्रावर असावें. हें ई-पत्र त्याच डोमेनवरील मात्र नसावें. नाहींतर डोमेन बंद पडलें कीं तें सोडविण्याची सूचनाहि त्याच बंद दाराआड अडकते. किल्ली ज्या पेटींत ठेवावी तीच पेटी कुलूपबंद व्हावी, तसा हा प्रकार होतो. परवलीचे शब्द वहींत लिहून ती वही घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी आणि घरांतील आणखी एका विश्वासू माणसास तिची जागा ठाऊक असावी.

व्हॉट्सॲपवर माल दाखवितां येतो, फेसबुकवर पान उघडतां येतें, मोठमोठ्या विक्रीमंचांवर दुकान मांडतां येतें. मग स्वतःच्या नांवाचा हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. हीं साधनें उपयोगाचीं आहेत आणि त्यांचा अवश्य लाभ घ्यावा. परंतु तें दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलें दुकान होय. ओट्याचा मालक भाडें वाढवील, नियम बदलील, किंवा एखाद्या गैरसमजानें खातें बंद करील. त्या दिवशीं जमलेलीं गिऱ्हाइकें कोठें शोधावीं हें दुकानदारास कळत नाहीं. ओटे बदलले तरी पिशवीवरील पत्ता बदलूं नये, एवढ्यासाठीं तो स्वतःचा हवा.

पत्ता झाला म्हणजे पत्राकडे वळावें. फुकट मिळणाऱ्या पत्रपेटीवर धंदा करण्यांत कमीपणा नाहीं. कित्येकांचा उत्तम चालतो. तथापि आपल्या डोमेनवरील पत्त्याचे दोन लाभ आहेत : पत्र कोणाकडून आलें हें वाचणाऱ्यास नांवावरूनच समजतें, आणि टपाल वाहणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. मात्र असा पत्ता घेतल्यावर तीन तांत्रिक नोंदी करणें अगत्याचें आहे. त्यांचीं नांवें एस. पी. एफ., डी. किम आणि डीमार्क अशीं आहेत. नांवें परकीं असलीं तरी कल्पना ओळखीच्या आहेत. आपल्या नांवाचीं पत्रें कोणकोणत्या हरकाऱ्यांनीं न्यावयाचीं याची जाहीर यादी म्हणजे एस. पी. एफ. पत्रावर उमटविलेली लाखेची मोहोर म्हणजे डी. किम, ती मोडलेली दिसली कीं मजकूर वाटेंत बदलला असल्याचा संशय घ्यावा. आणि यादींत नसलेल्या हरकाऱ्यानें आणलेलें किंवा मोहोर जुळत नसलेलें पत्र घ्यावें, बाजूला ठेवावें कीं परत लावावें, याविषयीं धन्यानें पलीकडच्या टपालवाल्यास दिलेली आज्ञा म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं पत्रें पाठविणाऱ्यांसाठीं असे नियम कडक केले आहेत. नोंदी नसल्यास प्रामाणिक दुकानदाराचें उत्तरहि गिऱ्हाइकाच्या स्पॅमच्या टोपलींत पडण्याचा संभव असतो. आणि दुकानदारानें उत्तर धाडलेंच नाहीं असा गिऱ्हाइकाचा ग्रह होतो. जाणत्या माणसाकडून हें काम तासाभरांत होतें.

परंतु सर्व नोंदी करूनहि जें एक काम यंत्र करूं शकत नाहीं तें म्हणजे उत्तर देणें. लहान व्यापाऱ्याची पत येथेंच वाढते किंवा बुडते. चौकशीचें पत्र आल्यापासून एका दिवसाच्या आंत उत्तर जावें. तें लांबलचक असण्याची गरज नाहीं. ‘आपलें पत्र मिळालें. तांदूळ शिल्लक आहे. पांच किलोची किंमत अमुक व पाठविण्याचा खर्च अमुक. पैसे मिळाल्यापासून तिसऱ्या दिवशीं पिशवी रवाना होईल,’ एवढ्या चार वाक्यांत गिऱ्हाइकास हवें तें सर्व येतें. माल नसेल तर तेंहि लिहावें, व पुन्हां केव्हां येईल तें सांगावें. नकार देणारें पत्रसुद्धां माणूस जागेवर असल्याची खूण असतें. पत्राच्या विषयाच्या ओळींत नुसतें ‘नमस्कार’ न लिहितां ‘चिन्नोर तांदूळ, दोन पिशव्या’ असें लिहावें, म्हणजे पुढें शोधतांना सांपडतें. तळाशीं दुकानाचें नांव, गांव, तालुका व दूरध्वनि द्यावा.

जुन्या गिऱ्हाइकांस नव्या मालाची वार्ता कळविणें योग्यच. तीहि मर्यादेनें कळवावी. १९७८ सालीं अमेरिकेंत गॅरी थ्युर्क नांवाच्या एका विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें जणांस न विचारतां एकदम पाठविली. अशा नकोशा पत्रांचा आरंभ तेथूनच मानतात, आणि त्याहि वेळीं लोक रागावलेच होते. ज्यानें होकार दिला त्यालाच लिहावें. नको म्हणणाऱ्याचें नांव त्याच दिवशीं काढावें. आणि पुष्कळांस एकच पत्र धाडतांना प्रत्येकाचा पत्ता इतरांस दिसणार नाहीं अशा ‘बीसीसी’च्या रकान्यांत ते भरावे. गिऱ्हाइकांची यादी चव्हाट्यावर मांडणारा व्यापारी दुसऱ्याची गोष्ट मनांत ठेवील असा भरंवसा कोणास वाटत नाहीं.

आतां संकेतस्थळ. लहान धंद्यास पुष्कळदां एकच पान पुरतें. दुकान कोणाचें, कोठें, काय विकतें, भाव काय, वजन किती, माल कोणत्या महिन्यांत मिळतो, मागवावा कसा, पोहोंचतो केव्हां आणि न आवडल्यास परत घेतां कीं नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें त्यावर असावीं. हलणारीं चित्रें व संगीत यांची आवश्यकता नाहीं. पान बहुतेक लोक भ्रमणध्वनीवरच उघडतात, आणि दरेकशाच्या रानांत काय किंवा धांवत्या आगगाडींत काय, जोडणी मंदच असते. तेव्हां छायाचित्रें थोडीं, खरीं आणि आकारानें हलकीं असावीं. दुसऱ्याच्या शेताचें देखणें चित्र लावण्यापेक्षां आपल्याच खळ्याचें साधें चित्र बरें.

विदर्भांत आणखी एक अडचण वारंवार आढळते. जुन्या टंकनाच्या संवयीमुळें पुष्कळ मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत तयार होतो, किंवा सबंध जाहिरातपत्रकाचें चित्रच पानावर चिकटवितात. डोळ्यांस तें मराठी दिसतें, परंतु शोधयंत्रास त्यांतील अक्षर नीट वाचतां येईलच असें नाहीं. मजकूर युनिकोडमध्यें लिहिला म्हणजे ‘सालेकसा तांदूळ’ असें मराठींत शोधणाऱ्यास पान सांपडण्याचा मार्ग मोकळा होतो. सीमेवरच्या गांवानें मराठीखालीं हिंदींतहि चार ओळी द्याव्या. गिऱ्हाईक दोन्हीकडचें असतें. पत्त्याच्या आरंभीं सुरक्षित जोडणीची खूण असावी. २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर ती नसलेलीं पानें असुरक्षित म्हणून दाखवितो, आणि तिचें प्रमाणपत्र विनामूल्यहि मिळतें.

पान उभारण्यापेक्षां तें जागतें ठेवणें अवघड असतें. माघी पौर्णिमेस कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाचे भाविक अनेक राज्यांतून येतात. पावसाळ्यांत हाजरा धबधबा पाहण्यास लोकांची रीघ लागते. त्या वाटेवरील खाणावळवाल्याच्या पानावर गेल्या वर्षींचे भाव आणि बंद पडलेला दूरध्वनि असेल तर पान नसलेलें पुरवलें. महिन्यांतून एकदां, भाडें किंवा वीजबिल भरण्याच्या दिवशीं, आपलें पान आपणच परक्यासारखें उघडून वाचावें, आणि त्यावरील क्रमांकास स्वतः दूरध्वनि करून पाहावा.

जेथें पत आहे तेथें ठकहि येणारच. पुरवठादाराच्या नांवानें पत्र येतें : ‘आमचें बँकखातें बदललें आहे, यापुढें पैसे या नव्या खात्यांत भरावे.’ अक्षर तेंच, नांव तेंच, पत्त्यांत एखादें अक्षर तेवढें निराळें. अशा वेळीं पत्रांतील क्रमांकावर चौकशी करूं नये. आपल्या वहींतील जुन्या क्रमांकावर करावी, आणि माणसाचा ओळखीचा आवाज ऐकल्यावांचून एक रुपयाहि हलवूं नये. डोमेनची मुदत संपल्याचीं खोटीं बिलें येतात. तीं दिनदर्शिकेवरील तारखेशीं ताडून पाहावीं. यूपीआयनें पैसे घेण्यासाठीं गुप्त आंकडा घालावा लागत नाहीं. तो मागणारा पैसे देण्यास आलेला नसून नेण्यास आलेला असतो. पत्रपेटीस दुहेरी पडताळणीचें कुलूप लावावें. एवढें करूनहि फसगत झालीच तर लाजून घरांत बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, कारण पैसे मध्येंच अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.

कायद्याचीहि थोडी ओळख हवी. स्वतःच्या पानावरून माल विकणाऱ्यानें नांव, पत्ता, संपर्क व तक्रार ऐकणाऱ्या माणसाचें नांव पानावर द्यावें, आणि तक्रारीची पोंच ४८ तासांत व निकाल महिन्याभरांत द्यावा, असा २०२० च्या ई-वाणिज्य नियमांचा आशय आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी क्रमांक लागतो. सचोटीनें वागणाऱ्यास यांत जाचक असें कांहीं नाहीं. चांगला दुकानदार हें नियम होण्यापूर्वींपासून करीत आला आहे.

या सर्व उपदेशाचा भार एकट्या सालेकशाच्या दुकानदारावर टाकणें न्यायाचें नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांतूनच त्याचीं गिऱ्हाइकें येतात, आणि त्याचा पुतण्या किंवा भाचीहि बहुधा तेथेंच असते. त्यांनीं डोमेन घेऊन द्यावें, परंतु काकांच्या नांवें. नोंदी करून द्याव्या, परंतु वही काकूंच्या हातीं सोंपवावी. गिऱ्हाइकानें विचारतांना काय, किती व कोठें हवें तें स्पष्ट लिहावें, दोन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी, आणि पानावरील क्रमांक लागत नसेल तर दुसरीकडे न वळतां तेवढें कळवावें. दिवाळीनंतर नवें भात खळ्यावर येतें. त्या पिशव्यांवर या खेपेस ठळक अक्षरांत दुकानाचा स्वतःचा पत्ता छापला गेला, आणि त्या पत्त्यावर आलेल्या पहिल्या पत्रास दुसऱ्या दिवशीं उत्तर गेलें, तर पुण्याच्या त्या गृहिणीच्या दोन पिशव्या सालेकशाहून निघतील, आणि त्यांच्याबरोबर त्या बायांचें नांवहि पुण्यास पोहोंचेल.